एका पेटीत अनेक जाती : इन्क्युबेटरमध्ये कोंबड्यांची अंडी आणि पिल्लं वेगळी कशी ठेवावी

चाळीस-पन्नास अंड्यांची पेटी घरी आली की पहिला मोह एकच होतो. कडकनाथ लावू, असील लावू, जागा उरली तर आरआयआरही (ऱ्होड आयलंड रेड) लावू. लावायला हरकत काहीच नाही. उष्णता, ओलावा आणि दिवस या तिन्ही जातींना सारखेच लागतात. अडचण उभी राहते ती एकविसाव्या दिवशी. पेटी उघडावी तर आत सगळी ओली, काळपट, एकमेकांच्या अंगावरून चालणारी पिल्लं, आणि कुठलं कोणत्या टरफलातून आलं ते सांगायला कुणी नाही. कडकनाथच्या पिल्लाला साध्या पिल्लापेक्षा चांगला भाव मिळतो, त्यामुळे गोंधळ झाला की पैसा जातो आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही.

इंदूरजवळ राऊ, महू, बेटमा, देपालपूर या बाजूला ज्यांचं थोडं शेत किंवा मोकळं अंगण आहे आणि ज्यांनी नुकतीच छोटी पेटी घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पेटीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत तापमान असतं, जाती वेगळ्या ठेवण्याबद्दल अवाक्षर नसतं. पायऱ्या क्रमाने वाचा, कारण सातव्या पायरीवर लक्षात आलेली चूक बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरची असते.

१. अंडी जमवण्याआधी तीन आठवडे कोंबडा वेगळा

पेटी जात टिकवू शकते, तयार करू शकत नाही. कोंबडीच्या शरीरात वीर्य साठवून ठेवण्याची सोय असते. एकदा कोंबडा लागला की पुढचे दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त, ती फलित अंडी देत राहते. काल गावठी कोंबड्याबरोबर फिरणारी कडकनाथ कोंबडी आज कडकनाथच्या वाड्यात सोडली आणि उद्यापासून अंडी जमवायला लागलात, तर त्या अंड्यांवर ‘कडकनाथ’ लिहिणं ही शुद्ध थाप आहे.

म्हणून प्रत्येक जातीचा वाडा वेगळा करा, मधे जाळी लावा आणि ती वरूनही बंद करा. तरुण कोंबड्याला उघडी जाळी ओलांडायला वेळ लागत नाही. कोंबड्या योग्य कोंबड्याबरोबर सोडल्यापासून पहिले तीन आठवडे अंडी घरात खा, शेजारी द्या. पेटीसाठी त्यानंतरची घ्या. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरतात. असील जड आणि भांडखोर, तिथे सहा-आठच ठेवा, आणि एका वाड्यात दोन असील कोंबडे ठेवायचा विचारही नको.

इथे नवीन माणूस हमखास फसतो ते अंड्याच्या रंगावरून. टरफलाचा रंग कोंबडीकडून येतो, त्यात बाप कोण याचा काही पत्ता नसतो. कडकनाथचं अंडं फिकट बदामी किंवा किंचित गुलाबी झाक असलेलं असतं, आणि त्या कोंबडीला गल्लीतला कोणताही कोंबडा लागला तरी अंडं तसंच दिसणार. (मोबाइलवर दिसणारी काळी कुळकुळीत ‘कडकनाथ अंडी’ कुणी दाखवली तर हसून सोडून द्या. या कोंबडीचं मांस काळं, अंडं नाही.)

झाबुआ, अलीराजपूर, धार हा कडकनाथचा मूळ पट्टा. तिकडे त्याला कालामासी म्हणतात, आणि झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडून तो भाग सुमारे दीडशे किलोमीटर, त्यामुळे हाटातून अंडी आणायची सोपी वाट सगळ्यांना सुचते. विकणाऱ्याला विचारलंत तर उत्तर ठरलेलं : “सब असली है, साहब.” तो खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. त्याच्या अंगणात चार कोंबडे मोकळे फिरत असतात आणि अंडं कुणाचं ते त्यालाही ठाऊक नसतं. खात्रीचा माल हवा असेल तर अंड्यांपेक्षा पक्षी आणा. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी कुक्कुटपालन केंद्रात चौकशी करून नोंदणी करा आणि पावती जपून ठेवा. वाट पाहावी लागली तर पाहा.

दुसरा सापळा संकरित पक्ष्यांचा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन निदेशालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, किंवा कडकनाथ आणि जबलपूर कलर यांच्या संकरातून जबलपूरला तयार झालेली नर्मदानिधी, हे पक्षी अंगणासाठी उत्तम. पण वनराजाच्या अंड्यातून पुन्हा वनराजा निघत नाही. पुढच्या पिढीत गुण पांगतात, कुणी आजोळावर जातं, कुणी कुणावरच जात नाही. अशी अंडी लावायची असतील तर लावा, पण वहीत ‘वनराजा’ लिहू नका, ‘वनराजाची पुढची पिढी’ असं लिहा.

२. सामान आणि कागद

फार खर्च नाही. बरंचसं घरात असतं, उरलेलं सियागंज आणि महाराणी रोडवर एका फेरीत मिळतं.

• शिशाची मऊ पेन्सिल. मार्कर किंवा स्केच पेन नको. टरफलाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि शाईतलं रसायन आत जाऊ शकतं.
• जाड पुठ्ठ्याची नोंदवही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण ओल्या हाताने वहीच बरी पडते.
• पिल्लांच्या मापाच्या प्लास्टिकच्या पायअंगठ्या, जितक्या जाती तितके रंग, शिवाय एक रंग जास्तीचा. तो कशासाठी ते पुढे येईल.
• जाळीदार प्लास्टिक टोपल्या, प्रत्येक जातीला एक, आणि प्रत्येकीला झाकण. फळवाल्याकडच्या चालतात. भोकं पाव इंचापेक्षा मोठी असतील तर आतून बारीक जाळी लावा, नाहीतर पिल्लाचा पाय अडकतो.
• टोपलीच्या तळाशी घालायला रबरी जाळीदार मॅट, कपाटाच्या फळीवर घालतात तशी.
• अंगठ्यांच्याच रंगांचे केबल टाय.
• दोन थर्मामीटर, ओलावा मोजायला एक हायग्रोमीटर, चांगल्या झोताचा टॉर्च आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.
• इन्व्हर्टर, निदान तीन-चार तास पेटी ओढेल असा.
• कागदांमध्ये पक्षी किंवा अंडी घेतल्याची पावती आणि त्या कळपाच्या लसीकरणाची नोंद. पुढे पिल्लं विकताना गिऱ्हाईक हेच मागतं.

३. अंडी गोळा करणं आणि जागच्या जागी नाव लिहिणं

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तीन सेकंदांचं आहे. अंडं वाड्यातून उचललं की वाड्याच्या दारातच त्यावर लिहा. घरात नेऊन, हात धुऊन, चहा घेऊन नंतर लिहू म्हणालात की दोन वाड्यांची अंडी एका टोपलीत येतात आणि तिथून पुढे सगळा अंदाजपंचे कारभार. एका हातात टोपली, कानावर पेन्सिल. माझ्याकडे अंडी उचलायला घरातलं कुणीही गेलं तरी हाच नियम आहे, अगदी पाहुण्यांच्या मुलांनाही.

काय लिहायचं? जातीचं एक अक्षर, वाड्याचा आकडा आणि तारीख. ‘क १, १२’ म्हणजे कडकनाथ, पहिला वाडा, बारा तारीख. ‘अ’ असीलचा, ‘र’ आरआयआरचा. अक्षरं अशी निवडा की घाईत वाचताना एकमेकांत मिसळणार नाहीत. लिहायचं दोन जागी, कुशीवर आणि निमुळत्या टोकावर. पिल्लू रुंद टोकाकडून टरफल कापत बाहेर येतं, त्यामुळे फक्त रुंद टोकावर लिहिलेलं नाव नेमकं तुकडे तुकडे होतं. निमुळता भाग वाटीसारखा अखंड राहतो आणि फुटल्यानंतरही त्या टोपलीत कुठली अंडी होती हे पडताळता येतं.

अंडी साठवायला १५ ते १८ अंश तापमान चांगलं, आणि सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. फ्रिज फार थंड पडतो. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीतच पस्तीस-अडतीस अंश असतात, आणि साधारण २०-२४ अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो, मग थांबतो, मग मरतो. कूलर किंवा एसीची खोली नसेल तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांचीच अंडी लावा. पेटी भरलीच पाहिजे असं कुणी सांगितलं आहे?

नेमकं इथेच जातींचं त्रांगडं होतं. आरआयआर जवळजवळ रोज अंडं देते, कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास, आणि असील त्याहूनही कमी देऊन मधेच खुडूक होऊन बसते. मग असीलची अंडी जमेपर्यंत आरआयआरची शिळी होतात. उपाय सोपा आहे : सगळ्यात कमी अंडी देणाऱ्या जातीवरून तारीख ठरवा आणि बाकीच्या जातींची शेवटच्या तीन-चार दिवसांतलीच घ्या.

मळकी अंडी धुऊ नका. थंड पाण्याने धुतलं की टरफलावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. कोरडी घाण नखाने किंवा खरखरीत स्पंजने हलकेच काढा, फारच माखलेलं अंडं लावूच नका. बाहेरून आणलेली अंडी, विशेषतः झाबुआच्या रस्त्याने हिंदकळत आलेली, निमुळतं टोक खाली ठेवून किमान बारा तास, जमल्यास दिवसभर स्वस्थ राहू द्या. आणि चार घरांची अंडी एका पेटीत घालण्याआधी विचार करा : पांढऱ्या हगवणीचा पुलोरम रोग कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरतो आणि उबवताना शेजारच्या जातीलाही लागतो. जाळी पिल्लू अडवते, रोग अडवत नाही.

४. पेटी रिकामी चालवून पाहा

अंडी घालण्याआधी पूर्ण एक दिवस. पंख्याची पेटी असेल तर ३७.५ ते ३७.७ अंश. बिनपंख्याची असेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ च्या आसपास. ओलावा पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के.

हायग्रोमीटर खरं बोलतो का ते मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ते भिजेल पण विरघळणार नाही इतकंच पाणी घाला, आणि हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसलं पाहिजे. ७० दिसलं तर तुमच्या यंत्राचे पाच नेहमीच मिळवायचे. माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या दोन्ही खाचा भराव्या लागतील. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच इतकी ओल असते की बऱ्याचदा एक खाच अर्धी भरली तरी पुरतं.

५. ट्रेचा नकाशा

प्रत्येक जातीला सलग ओळी द्या आणि वहीत ट्रेचं चित्र काढा : पुढची बाजू, पंखा कुठे, कुठल्या ओळीत कोण, किती. अंड्यावर नाव असताना नकाशा कशाला, असं वाटेल. एखादं अक्षर पुसलं जातं, एखाद्या अंड्यावर वाहिलेलं पाणी पडतं, तेव्हा नकाशा कामी येतो.

पेटी कशी फिरवते हेही पाहा. ट्रे कलणारी असेल तर अंडी जागेवरच राहतात. रोलरवाल्या पेटीत अंडी गडगडतात, लहान अंडी जास्त, आणि चार दिवसांत कडकनाथची अंडी आरआयआरच्या ओळीत पोचलेली दिसतात. दोन जातींच्या मधे पुठ्ठ्याची नव्हे, प्लास्टिकची पट्टी आडवी लावा. पुठ्ठा ओलाव्याने मऊ पडतो आणि त्यावर बुरशी येते. हाताने फिरवत असाल तर दिवसातून विषम वेळा, तीन किंवा पाच, म्हणजे रोज रात्री तीच बाजू वर राहत नाही.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. छोट्या पेटीत सगळे कोपरे सारखे गरम नसतात. एकच जात सतत थंड कोपऱ्यात राहिली की तिची पिल्लं उशिरा निघतात, कमी निघतात, आणि दोष जातीला लागतो. “असील पेटीत निघतच नाही” हे मी जिथे जिथे ऐकलं, तिथे तिथे असीलचा ट्रे पंख्यापासून लांब होता. दर तीन-चार दिवसांनी ओळींची अदलाबदल करा, आणि प्रत्येक वेळी नकाशाही नवा काढा.

सगळ्या जातींची अंडी एकाच दिवशी, एकाच वेळी लावा. आठवड्याने आणखी थोडी घालू, हे छोट्या पेटीत जमत नाही, कारण शेवटचे तीन दिवस पेटीला फिरवणं बंद आणि जास्त ओलावा हवा असतो. बदक (२८ दिवस), टर्की (२८) किंवा जपानी लावा पक्षी (१७-१८) यांना कोंबडीबरोबर लावायचं असेल तर फुटण्यासाठी दुसरी पेटी हवीच.

६. बत्ती लावून पाहणं

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत. टॉर्चच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक टेका. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधे एक गडद ठिपका, तो डोळा. क्षणभर स्थिर धरलंत तर तो झटका देऊन हलतो. बिनफळ अंडं स्वच्छ, पिवळसर. शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर जीव सुरुवातीलाच गेला. आरआयआरच्या गडद तपकिरी टरफलातून सातव्या दिवशी नीट दिसत नाही. शंका असेल तर काढू नका, दहाव्या दिवशी पुन्हा पाहा.

एका वेळी एकाच जातीची अंडी बाहेर काढायची. ती तपासून, मोजून, परत ठेवून मगच दुसरी जात. अंडी काढणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल तर उत्तम. वाईट अंडी काढल्यावर ‘क : १८ पैकी १५’ असा आकडा लिहा, पुढे टोपलीत घालताना हाच आकडा जुळवायचा आहे.

वजनकाट्याचा उपयोग इथे. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटायला हवं. कडकनाथची दहा अंडी सुरुवातीला ४५० ग्रॅम भरली तर अठराव्या दिवशी ३९५ च्या आसपास यावीत. जातवार वजन करा, कारण टरफलाची जाडी सारखी नसते. एक जात कमी सुकते आणि दुसरी जास्त, हे सरासरीत लपून जातं. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा.

७. अठरावा दिवस : टोपल्या

दिवस मोजताना लावल्याचा दिवस शून्य धरा. रविवारी संध्याकाळी लावलीत तर अठरावा दिवस तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. लावल्याचा दिवस एक धरणारे बुधवारीच फिरवणं बंद करतात.

आदल्या रात्री टोपल्या गरम पाण्याने धुऊन वाळवा आणि तयार ठेवा. तळाला रबरी मॅट. गुळगुळीत तळावर नुकत्या निघालेल्या पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. टॉवेल घालू नका, नखं धाग्यात गुंततात. टोपलीची उंची झाकणासह निदान चार इंच असू द्या, पिल्लाला डोकं वर करता आलं पाहिजे.

झाकण म्हणजे शोभा नव्हे. पिल्लू अर्धवट वाळलं की चढायला लागतं. बोटभर फटीतून आधी चोच, मग डोकं, मग खांद्याला जोर देऊन सगळं अंग बाहेर काढतं, आणि थेट पलीकडच्या टोपलीत उतरतं. त्यामुळे झाकण नुसतं ठेवू नका, चारही बाजूंनी केबल टायने बांधा. टाय त्या जातीच्या रंगाचा. कडकनाथचा रंग लाल ठरवला तर टाय लाल, अंगठी लाल, वहीतली खूण लाल. टोपलीत कागदाची चिठ्ठी टाकू नका. ओलाव्याने आणि पिल्लांच्या पायांनी तिचा लगदा होतो.

आता अंडी हलवा, पुन्हा एका वेळी एक जात. नाव वाचा, टोपलीत आडवं ठेवा, मोजा, वहीतल्या आकड्याशी जुळवा, झाकण बांधा, मग दुसरी टोपली. ज्या अंड्यावरचं नाव वाचता येत नाही आणि नकाशावरूनही ठरत नाही, ते कुठल्याच जातीच्या टोपलीत जाणार नाही. त्याला वेगळी छोटी टोपली किंवा एक कोपरा. ‘दिसायला तर कडकनाथचंच वाटतं’ हा पुरावा नाही.

टोपल्या ठेवताना पंख्यासमोर भिंत उभी करू नका. टोपल्यांच्या आणि पेटीच्या मधे दोन बोटं जागा सोडा, एकावर एक ठेवायच्या असतील तर मधे ठोकळे द्या, आणि दुसरा थर्मामीटर सगळ्यात लांबच्या टोपलीत ठेवून तासाभराने वाचा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर मांडणी बदला. ओलावा ६५ ते ७० टक्के करा, हवेची भोकं उघडी ठेवा, फिरवणं बंद.

चारपेक्षा जास्त जाती असतील तर माझं मत स्पष्ट आहे : टोपल्यांची कसरत करण्यापेक्षा फुटण्यासाठी दुसरी साधी थर्माकोलची पेटी घ्या. अठराव्या दिवशी निम्म्या जाती तिकडे. फिरवण्याची यंत्रणा लागत नाही म्हणून ती स्वस्तात बनते, आणि पिल्लांच्या लवेची घाण मुख्य पेटीत होत नाही.

८. फुटण्याचे दिवस : हात आवरा

लहान अंडी बऱ्याचदा काही तास आधी फुटतात. कडकनाथची टोपली विसाव्या दिवशी रात्री चिवचिवायला लागते आणि आरआयआरची अंडी अजून शांत असतात. तेव्हा कडकनाथची पिल्लं काढून घ्यावीत असं फार वाटतं. काढू नका. झाकण उघडलं की ओलावा खाली येतो आणि ज्या अंड्यांना चोचेचं भोक पडलं आहे, त्यांच्या आतलं पातळ कातडं सुकून पिल्लाला चिकटतं. मग ते हलू शकत नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस, कधी तीन दिवसही, दाणापाण्याशिवाय राहतं. चोवीस तास पेटीत थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही.

वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवून, आणि उघडू नका.

९. काढायचं आणि अंगठी घालायची, एका दमात

बहुतेक पिल्लं फुलून कोरडी झाली की एक टोपली बाहेर. तिचं टाय कापा, पिल्लं मोजा, टरफलांवरची निमुळत्या टोकाची अक्षरं पाहा. सगळी ‘क’ असली पाहिजेत. मग प्रत्येक पिल्लाच्या उजव्या पायात लाल अंगठी, आणि थेट ब्रूडरमध्ये (पिल्लं उबेत वाढवायच्या खोक्यात). शेवटच्या पिल्लाला अंगठी घातल्याशिवाय दुसरी टोपली पेटीबाहेर येणार नाही. घरात बघ्यांची गर्दी असते, कुणी पिल्लू हातात घेतं, कुणी भलत्याच खोक्यात ठेवतं. “आधी अंगठी, मग लाड” हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

टोपलीबाहेर सापडलेलं, झाकणातून निसटलेलं किंवा ज्याच्याबद्दल दोन मतं आहेत असं पिल्लू जास्तीच्या रंगाची अंगठी घालतं. ते खाण्यासाठी किंवा साध्या अंड्यांसाठी वाढेल. पैदाशीला ठेवायचं नाही आणि जातीचं म्हणून विकायचंही नाही.

पायाच्या बोटांमधल्या पडद्याला छिद्र पाडण्याची जुनी पद्धतही आहे. चार पडदे, त्यामुळे सोळा वेगवेगळ्या खुणा होतात आणि त्या जन्मभर टिकतात. हे माहीतगार माणसाकडून प्रत्यक्ष शिका, व्हिडिओ पाहून करू नका. नखांना नेलपॉलिश लावायचा सल्ला मिळेल. तो चार दिवसांत खरवडून निघतो.

१०. दिसण्यावरून पडताळा, पण किती विश्वास ठेवायचा?

आरआयआरचं पिल्लू तांबूस-तपकिरी, पाय पिवळे. व्हाइट लेगहॉर्न लख्ख पिवळं. असीलच्या रंगाचा भरवसा नाही, पण त्याचा तुरा जन्मतःच ओळखू येतो : कपाळावर सरळ एकेरी कंगव्याऐवजी तीन बुटक्या रेघांचा चपटा उंचवटा. बोट फिरवलं तरी जाणवतो. हा तुरा एकेरी तुऱ्यावर प्रबळ असतो, म्हणून तो दिसला तर असीलचं रक्त आहे एवढंच कळतं. शुद्ध असील आहे हे कळत नाही. गळाकापू म्हणजे नेकेड नेक जातीचंही तसंच. मान उघडी दिसली तरी पुढच्या बाजूला पिसांचा झुपका असेल तर ते पिल्लू बहुधा संकरित.

खरी फसगत काळ्या पिल्लांची. कडकनाथचं पिल्लू निळसर-काळं, पाठीवर अस्पष्ट गडद पट्टे. चोच, पाय काळपट. ऑस्ट्रॉलॉर्प या दुसऱ्या काळ्या जातीचं पिल्लूही काळंच, फक्त पोटाखाली पांढरट. दोन्ही हातात घेऊन उलटी करा. कडकनाथच्या तळपायाची कातडी काळसर राखाडी, ऑस्ट्रॉलॉर्पच्या पायाची नळी वरून गडद असली तरी तळवा फिका, गुलाबी. चोच हलकेच उघडली तर कडकनाथची जीभ आणि टाळूही काळपट दिसतात.

पण संकर झाला असेल तर हेही पुरत नाही. कातडी काळी करणारा गुण प्रबळ आहे, एका बाजूने आला तरी उतरतो. त्याला दाबणारा दुसरा गुण पिवळ्या पायांच्या जातींमध्ये असतो आणि तो लिंगाशी जोडलेला आहे. त्यामुळे कडकनाथ कोंबडा आणि आरआयआर कोंबडी अशी जोडी लागली, तर तलंगा बऱ्याच काळ्या कातडीच्या निघतात आणि नर पिल्लं फिकी. नेमक्या त्या काळ्या तलंगा ‘शुद्ध कडकनाथ’ म्हणून विकल्या जातात, विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. पुढच्या पिढीत पिवळे पाय निघाले की मग भांडणं. म्हणून दिसण्याचा उपयोग चूक पकडण्यापुरता करा. कडकनाथच्या टोपलीत पिवळ्या पायाचं पिल्लू दिसलं तर वाड्यात घोळ आहे हे नक्की. सगळी काळी निघाली म्हणून घोळ नाही असं मात्र म्हणता येत नाही. तिथे तीन आठवड्यांचा नियम आणि अंड्यावरचं पेन्सिलीचं अक्षर, एवढाच आधार.

११. ब्रूडर, लस आणि अंगठ्या बदलणं

पहिल्या आठवड्यात ब्रूडरचं तापमान ३५ अंशांच्या जवळ, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. अंगठ्या असल्या तरी जाती शक्यतो वेगळ्या ब्रूडरमध्ये ठेवा. असीलची पिल्लं लवकरच एकमेकांशी आणि इतरांशी भिडायला लागतात, आणि आरआयआर वाढीला पुढे असल्याने दाण्यावर लहानांना जागा देत नाही.

टरफलं आणि न फुटलेली अंडी शेतात खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. कचरागाडीच्या ओल्या डब्यात टाकली तर दुसऱ्या दिवशी गाडीवाला तुमच्या दारात उभा राहील, आणि इंदुरात त्याच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

रानीखेत रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो रोगाची साधारण चौदाव्या दिवशी. वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकाकडून लिहून घ्या, महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. लस देताना प्रत्येक पिल्लू हातात येतंच, तेव्हाच अंगठी पाहा. पिल्लाची नळी झपाट्याने जाड होते. अंगठी फिरत नसेल तर ती त्याच क्षणी काढून मोठी घाला, नाहीतर कातडीत रुतते. जुनी अंगठी कापण्याआधी त्याच रंगाची नवी दुसऱ्या पायात चढवा, म्हणजे मधल्या वेळात पिल्लू हातातून सुटलं तरी ओळख राहते. त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी एकदा पाय तपासा, आणि वहीत जातवार आकडा लिहा : किती निघाली, किती जगली, किती अंगठ्या बदलल्या.